‘किरकोळ’ म्हणजे किती? : विमानतळावरच्या टकरी आणि भिगवण स्थानकातील एक खूण

१/
२७ मार्च २०२४, कोलकाता विमानतळ. दरभंग्याला निघालेले इंडिगोचे एअरबस ए-३२० टॅक्सी-वेवरून सरकत होते. चेन्नईला जाणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ धावपट्टीवर प्रवेश मिळण्याची वाट पाहत उभे होते. एकाच्या पंखाचे टोक दुसऱ्याच्या पंखाला घासले. टोकाचा तुकडा तुटून खाली पडला. प्रवाशांपैकी कोणालाही इजा झाली नाही. इंडिगोच्या दोन्ही वैमानिकांना उड्डाणापासून दूर ठेवले गेले, चौकशी जाहीर झाली आणि विषय संपला. अशा प्रसंगांसाठी मराठीत एक ठरलेला शब्द आहे : ‘किरकोळ’.

२/
बरोबर ४७ वर्षांपूर्वी, २७ मार्च १९७७ रोजी, कॅनरी बेटांपैकी टेनेरिफवर दोन बोइंग ७४७ विमाने एकमेकांवर आदळली. तीही जमिनीवरच. ५८३ माणसे गेली. विमानवाहतुकीच्या इतिहासात दोन विमानांच्या टकरीत इतकी जीवितहानी ना त्यापूर्वी झाली, ना त्यानंतर. तारखेचा हा मेळ निव्वळ योगायोग आहे. त्यातून काहीही सिद्ध होत नाही. परंतु या दोन दिवसांमध्ये जे नाते आहे, ते मात्र योगायोगाचे नाही.

३/
या धाग्याचा दावा सरळ आहे. जमिनीवरील टकरीला ‘किरकोळ’ म्हणणे हे वर्णन नसून निकाल आहे, आणि तो निकाल पुरावा पाहण्याआधीच दिला जातो. कोणी मेले नाही एवढ्यावरून घटना लहान ठरवायची, मग एखाद्या माणसाला बाजूला करायचे आणि यंत्रणेला मोकळे सोडायचे, ही रीत चुकीची आहे. ती चुकीची असल्याचे दीडशे वर्षांपूर्वी रेल्वेने दाखवून दिले होते. त्याची एक खूण पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, भिगवण स्थानकातही पाहता येते.

४/
आधी टेनेरिफ. त्या दिवशी ग्रान कनारिया बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाला. तिकडे निघालेली विमाने लॉस रोदेओस या लहान विमानतळाकडे वळवण्यात आली. तिथे उभे राहायलाही जागा पुरेना. विमाने टॅक्सी-वेवरच लावावी लागली. मूळ विमानतळ पुन्हा खुला झाला तेव्हा पॅन ॲमचे ७४७ निघायला सज्ज होते. पण पुढे केएलएमचे ७४७ उभे होते आणि त्याने इंधन भरायला घेतले होते. त्याच्या बाजूने निघता येईल का? हिशेब अवघ्या बारा फुटांचा होता. पंख घासण्याचा धोका होता. पॅन ॲमचे विमान थांबले.

५/
हा तपशील बहुतेक वर्णनांत एका ओळीत संपतो. वस्तुतः सगळी गोष्ट तिथेच वळते. पॅन ॲमच्या वैमानिकांनी पंखाच्या टोकाचा घास किरकोळ मानला नाही. त्यांनी योग्य तेच केले. परंतु वाट पाहण्यात वेळ गेला आणि त्या वेळात धुके उतरले. दोन्ही विमानांना धावपट्टीवरूनच मागे चालत जावे लागले, कारण टॅक्सी-वे अडलेला होता. मनोऱ्याला विमाने दिसत नव्हती, विमानांना एकमेकांची चाहूल नव्हती. केएलएमने परवानगी मिळण्याआधीच धाव घेतली. पॅन ॲम अजून धावपट्टीवरच होते.

६/
म्हणजे पंखांमधील अंतर आणि ५८३ मृत्यू हे दोन वेगळे विषय नव्हेत. दोघांच्या मुळाशी एकच गोष्ट होती : पेलवणार नाही इतकी गर्दी. जिथे पंखाला पंख लागण्याची वेळ येते, तिथे व्यवस्थेची मोकळी जागा संपलेली असते. पंख घासला, तर ती जागा संपल्याची ती पहिली आणि सर्वांत स्वस्त सूचना असते. ती सूचना ऐकायची की ‘किरकोळ’ म्हणून फाइलबंद करायची, एवढाच प्रश्न आहे.

७/
‘वैमानिकाला समोर उभे असलेले विमान दिसू नये?’ हा सवाल हमखास येतो. उत्तर असे की विमान दिसते, स्वतःच्या पंखाचे टोक दिसत नाही. मोठ्या प्रवासी विमानांचे पंख मागे झुकलेले असतात. बहुतेकांत वैमानिकाच्या आसनावरून टोक नजरेत येत नाही. शिवाय वळताना असे टोक आपला मार्ग सोडून बाहेरच्या बाजूला झेपावते. एसटी स्टँडवर गाडी वळताना तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, तसेच हे. फरक असा की एसटी मागे घेताना वाहक खाली उतरून शिटी मारतो.

८/
विमानालाही असा ‘वाहक’ मिळतो, पण बहुधा जागेवरून मागे ढकलले जाण्यापुरताच. त्या वेळी पंखांच्या टोकांशी माणसे चालतात. एकदा विमान स्वतःच्या बळावर निघाले की विश्वास जमिनीवरच्या पिवळ्या रेषेवर. रेषेवरून चालणाऱ्याचा पंख कुणाला लागणार नाही, हे गृहीत असते. पण हे गृहीत तेव्हाच खरे, जेव्हा दुसरे विमानही नेमून दिलेल्या जागी, पूर्ण आत, सरळ उभे असेल. ते थोडे अलीकडे थांबले किंवा तिरके राहिले, तर रेषा पाळणाराही धडकतो.

९/
त्यात विमानांचे पंख लांबले आहेत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २४ ते ३६ मीटर पंखविस्ताराची विमाने ‘सी’ वर्गात मोडतात. १९८७ साली प्रथम उडालेल्या ए-३२० चा विस्तार सुमारे ३४ मीटर होता. पुढे इंधन वाचवण्यासाठी टोकांना वर वळलेली ‘शार्कलेट’ लागली आणि विस्तार ३५.८ मीटर झाला. वळत्या टोकांचे बोइंग ७३७-८०० ही तेवढेच. मर्यादा ३६ ची. उत्पादकांनी जवळजवळ शेवटचा वीतभर भागही वापरून घेतला. जागेवर उभ्या राहणाऱ्या ‘सी’ वर्गाच्या विमानाभोवती नियमाने राखायचे अंतर अवघे साडेचार मीटर आहे.

१०/
हे फक्त भारतात घडते असे नाही. ११ एप्रिल २०११ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एअर फ्रान्सच्या ए-३८० चा पंख एका लहान जेट विमानाच्या शेपटीला लागला आणि ते लहान विमान जागच्या जागी गर्रकन फिरले. २८ नोव्हेंबर २०१८ रोजी दिल्लीहून स्टॉकहोमला पोहोचलेल्या एअर इंडियाच्या बोइंग ७८७ चा पंख टर्मिनलच्या इमारतीवर आदळला. दोन्ही प्रसंगी मृत्यू नाही. दोन्ही प्रसंगी वेग अगदी कमी. म्हणूनच या घटना शिकण्यासाठी सर्वोत्तम होत्या : वैमानिक जिवंत, यंत्रे शाबूत, नोंदी उपलब्ध.

११/
आता घरचा हिशेब. १५ फेब्रुवारी २०२०, पुणे : दिल्लीला निघालेल्या एअर इंडियाच्या ए-३२१ ला भर धावेत समोर जीप आणि माणूस दिसला. वैमानिकाने विमान वेळेआधी उचलले. शेपटीकडच्या भागाला इजा झाली, विमान सुखरूप उतरले. १६ मे २०२४, पुन्हा पुणे : दिल्लीलाच निघालेले एअर इंडियाचे विमान धावपट्टीकडे जाताना सामान ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर आदळले. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आणि टर्मिनल नागरी. एकाच पट्टीवर दोन घरे नांदतात, आणि अशा ठिकाणी शिस्त दुप्पट लागते.

१२/
मुंबई. ९ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या ताफ्यातील हेलिकॉप्टर उतरत असतानाच दिल्लीला जाणारे प्रवासी विमान त्याच धावपट्टीवर धावू लागले होते. वैमानिकाने ते रोखले. ८ जून २०२४ रोजी एकाच धावपट्टीवर एअर इंडियाचे विमान उडत होते आणि त्याच्या पाठोपाठ इंडिगोचे उतरत होते. दुसऱ्या प्रसंगानंतर काय झाले? नियंत्रण कक्षातील एका कर्मचाऱ्याला कामावरून दूर केले गेले. कोलकात्यात वैमानिक, मुंबईत नियंत्रक. माणूस बदलतो, उपाय तोच राहतो.

१३/
मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या प्रत्यक्षात एका धावपट्टीसारख्याच वापराव्या लागतात. तरीही ११ नोव्हेंबर २०२३ रोजी एका दिवसात १,०३२ विमानांची ये-जा झाली आणि तो विक्रम म्हणून मिरवला गेला. कौतुक रास्तच आहे. ते काम सोपे नव्हे. पण टेनेरिफ वाचलेल्या माणसाला या आकड्यापुढे एक प्रश्न पडायला हवा : या गर्दीत चूक पोटात घालण्यासाठी किती जागा उरली आहे? विक्रमाच्या बातमीत हा प्रश्न नसतो आणि टकरीच्या बातमीतही नसतो.

१४/
आता भिगवण. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पुण्याहून पूर्वेला निघालेला मार्ग १८५८ च्या डिसेंबरात भिगवणशेजारच्या डिकसळपर्यंत खुला झाला. पुढल्या वर्षी तो बार्शी रोडपर्यंत गेला. दौंडच्या पुढचा हा मार्ग अगदी अलीकडेपर्यंत मोठ्या प्रमाणात एकेरी होता. एकाच रुळावर दोन्ही दिशांच्या गाड्या. मग एका गाडीने स्थानकातल्या लूप लाइनवर बाजूला उभे राहायचे आणि दुसरीने मुख्य मार्गावरून निघून जायचे. भिगवणसारख्या स्थानकांचे मूळ काम हेच.

१५/
लूप लाइन मुख्य मार्गाला मिळते, तिथे दोन रुळांच्या मध्ये एक आडवी खूण असते. तिला ‘फाउलिंग मार्क’ म्हणतात. उभ्या गाडीचा शेवटचा डबा त्या खुणेच्या आत असला पाहिजे. बाहेर राहिला तर शेजारून जाणाऱ्या गाडीला तो घासणार. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. डबा खुणेबाहेर राहिला आणि शेजारून कोणतीही गाडी आली नाही, तरी रेल्वे ती चूकच मानते. टक्कर होण्याची वाट पाहत नाही. टॅक्सी-वेवरील दोन विमानांचा प्रश्न भूमितीने अगदी हाच आहे.

१६/
रेल्वेला हे शहाणपण उपजत मिळालेले नाही. विलायतेत १८४० च्या कायद्याने रेल्वे निरीक्षक नेमले गेले. ते लष्करी अभियंते होते आणि त्यांचे अहवाल छापून लोकांपुढे येत. कंपन्या म्हणत, चालकाची चूक, सांधेवाल्याची चूक. निरीक्षक वर्षानुवर्षे लिहीत राहिले : एका टप्प्यात एकच गाडी ठेवा, सांधे आणि सिग्नल एकमेकांना जखडा, सर्व डब्यांना आपोआप लागणारे ब्रेक बसवा. कंपन्यांनी खर्चाचे कारण सांगितले. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीची गाडी आदळली आणि सुमारे ८० जण मेले, त्यांत अनेक मुले होती. त्याच वर्षी या तिन्ही सूचना कायदा झाल्या.

१७/
इथे एक विलक्षण गोष्ट. भारतात रेल्वे निरीक्षक रेल्वेच्याच हाताखाली नसावा, हे तत्त्व मान्य झाले आणि १९४१ मध्ये हे निरीक्षणालय रेल्वे मंडळापासून काढून तेव्हाच्या टपाल व हवाई खात्याकडे देण्यात आले. आजही रेल्वे सुरक्षा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. म्हणजे रेल्वेच्या तपासाला स्वातंत्र्य मिळावे म्हणून ज्या मंत्रालयाच्या घरात त्याला आसरा दिला, ते घर विमानांचे.

१८/
आणि विमानांच्या तपासाचे काय? विमान अपघात तपास विभाग २०१२ मध्ये स्थापन झाला. तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयापासून वेगळा आहे, हे चांगलेच. पण दोघेही त्याच मंत्रालयाच्या छत्राखाली. बहुतेक विमानतळ चालवणारे प्राधिकरणही त्याच मंत्रालयाचे. नियंत्रण मनोऱ्यातील कर्मचारी त्याच प्राधिकरणाचे. परक्याच्या तपासाला आसरा देणाऱ्या घराने स्वतःच्या तपासाला मात्र वेगळी खोली दिली, वेगळे घर दिले नाही.

१९/
कायद्याच्या शब्दांकडेही पाहावे. आंतरराष्ट्रीय करारातील परिशिष्ट १३ मध्ये ‘अपघात’ कशाला म्हणायचे याची व्याख्या आहे. केवळ पंखाच्या टोकापुरते मर्यादित राहिलेले नुकसान त्या व्याख्येतून वगळले आहे. ‘किरकोळ’ म्हणणाऱ्यांना इथे आधार सापडेल. पण त्याच परिशिष्टात ‘गंभीर घटनां’ची उदाहरणे दिली आहेत आणि त्या यादीत ‘अपघात न ठरलेल्या टकरी’ स्पष्टपणे नोंदल्या आहेत. नियमाच्या भाषेत अशी टक्कर अपघात नसेल, तरी गंभीर आहे. ‘किरकोळ’ हा शब्द कायद्याने दिलेला नाही.

२०/
त्याच परिशिष्टाचे आणि भारतीय तपास नियमांचे आणखी एक सूत्र : तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष वाटणे हा नव्हे. प्रत्यक्षात पहिली बातमी कोणाला दूर केले याची येते आणि लोकांच्या लेखी तीच शेवटची ठरते. विमान तिथे का उभे होते, रेषा पुरेशी होती का, मनोऱ्यातून ते दिसत होते का, त्या वेळी एक माणूस किती विमाने हाताळत होता, ही उत्तरे अहवालात येतात. अहवाल येतो तेव्हा वाचणारा कुणी उरलेला नसतो.

२१/
दोष वाटण्याची किंमत इतिहासात नोंदलेली आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचे विमान डोंगरावर आदळले आणि ९२ जण मेले. त्याआधी साधारण सहा आठवडे, त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजातून युनायटेड कंपनीचे विमान थोडक्यात वाचले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला सांगितले. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. इतरांपर्यंत ती गोष्ट पोहोचवणारा मार्गच नव्हता. ‘काही झाले नाही’ म्हणून एक इशारा एका घरात राहिला.

२२/
त्यातून १९७६ मध्ये अमेरिकेत नवी पद्धत उभी राहिली : वैमानिकाने किंवा नियंत्रकाने स्वतःची चूक स्वतःहून कळवायची, नाव गुप्त राहील, आणि ती माहिती परवाने देणाऱ्या संस्थेकडे न जाता नासाकडे जाईल. टेनेरिफनंतरही असेच शहाणपण आले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगीखेरीज वापरू नये असे ठरले; कॅप्टनला कनिष्ठाने टोकावे, हे प्रशिक्षणाचा भाग झाले. यांपैकी एकही सुधारणा कोणाला कामावरून दूर केल्याने झालेली नाही.

२३/
आक्षेप रास्त आहेत, त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिला : चूक करणाऱ्याला मोकळे सोडायचे का? नाही. चौकशी होईपर्यंत वैमानिकाने विमान चालवू नये, हे योग्यच. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर शिक्षाही व्हावी. आक्षेप आहे तो तिथेच थांबण्याला. दुसरा : लाखो उड्डाणांत अशा घटना बोटांवर मोजण्याइतक्या. तेही खरे. पण मोठ्या टकरी तर त्याहूनही विरळ. म्हणूनच त्यांच्यापासून शिकायचे ठरवले तर शिकण्याचे मोल माणसांच्या जिवाने चुकवावे लागते. लहान घटना हीच स्वस्तातली शाळा.

२४/
आणि स्वस्तातली शाळा चुकवली की काय होते, हे मिलानच्या लिनाते विमानतळाने दाखवले. ८ ऑक्टोबर २००१ रोजी धुक्यात एक लहान विमान चुकीच्या टॅक्सी-वेने धावपट्टीवर आले, त्याच वेळी एसएएसचे प्रवासी विमान उडत होते. ११८ जण मेले. जमिनीवरचे रडार बंद होते, नवे बसवायचे राहिले होते, टॅक्सी-वेवरच्या खुणा अपुऱ्या होत्या. वैमानिक रस्ता चुकला हे खरे. रस्ता चुकल्याचे कळण्याची सोय कोणी ठेवली नव्हती, हे अधिक खरे.

२५/
मागण्या मोजक्या आहेत. जमिनीवरील प्रत्येक टकरीचा अहवाल, विमानांच्या जागांचा नकाशा जोडून, ठरलेल्या मुदतीत लोकांसमोर यावा. त्या विमानतळाने काय बदलले, हे वर्षभराने जाहीर व्हावे. तपास विभाग मंत्रालयाबाहेर, संसदेला उत्तरदायी असावा. रेल्वेबाबत मान्य केलेले तत्त्व विमानांनाही लागू व्हावे. आणि वर्तमानपत्रांनी अहवाल येईपर्यंत ‘किरकोळ’ हा शब्द मागे ठेवावा. ‘टक्कर झाली, कोणी जखमी नाही’ एवढे लिहिणे पुरेसे आहे. ते खरेही आहे.

२६/
भिगवणहून बारामती फार दूर नाही. तिथल्या धावपट्टीवर वैमानिक घडवले जातात. त्यांची छोटी विमाने इंदापूर-बारामतीच्या उसावरून घिरट्या घालत असतात. २५ जुलै २०२२ रोजी असेच एक प्रशिक्षण विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले होते. ते चालवणारी शिकाऊ वैमानिक बचावली. या मुलामुलींपैकी काही जण उद्या ए-३२० च्या उजव्या आसनावर बसतील. त्यांना स्वतःच्या पंखाचे टोक दिसणार नाही. समोरचे विमान पूर्ण आत उभे आहे की नाही, हे त्यांना कोण सांगणार?

२७/
भिगवणला मात्र याचे उत्तर ठरलेले आहे. गाडी लूप लाइनवर आली की शेवटचा डबा खुणेच्या आत आल्याची खात्री होते. पूर्वी ती माणूस करी, आता बहुतेक ठिकाणी यंत्र करते. खात्री झाल्याशिवाय शेजारच्या रुळाचा सिग्नल पडत नाही. त्या खुणेवर कोणाचा जीव गेल्याची पाटी नाही, आणि गाडीतला प्रवासी तिच्याकडे पाहतही नाही. विमानतळांच्या काँक्रीटवर अशी खूण आणि तिच्यामागची अशी खात्री असावी, एवढीच मागणी आहे.